दिसतं तसं नसतं : काळ्या खिडकीतला ‘श्री’

(मंडळाच्या गणेशोत्सवात प्रतापनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानासाठी मला विचारलं तेव्हा कार्यकर्त्यांची अपेक्षा होती की मी सयाजीराव महाराजांवर बोलेन, नाहीतर बडोद्यातल्या जुन्या मराठी वाड्यांवर. ते विषय मोठे आहेत आणि त्यांवर बोलणारी माणसंही माझ्यापेक्षा मोठी आहेत. मी आज एका छोट्या गोष्टीवर बोलणार आहे. आपण निमंत्रणपत्रिकेच्या माथ्यावर जो ‘श्री’ लिहितो, तो संगणकात गेल्यावर त्याचं काय होतं? आणि तो मोडलेला दिसला तर आपण काय करायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही? हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. हातून एक चूक झाली, त्यातून शिकलो. ती चूक सांगण्यासाठीच उभा आहे.

माझी आई लग्न होऊन साताऱ्याकडून बडोद्याला आली. म्हातारपणी तिने एका शंभर पानी वहीत आठवणी लिहिल्या. लग्नाची मिरवणूक, पहिल्यांदा ऐकलेली गुजराती, डभोईच्या छोट्या गाडीने केलेला चांदोदचा प्रवास, घरी कोण आलं, कोण गेलं, कशाला किती पैसे लागले. मजकूर मराठी, पण मध्येच किराण्याची यादी गुजराती अक्षरांत, कारण दुकानदाराला तीच वाचता येई. १९९७ साली आम्ही भावंडांनी ती वही छापायला दिली. टाइप करून घेतली, पंचवीस प्रती काढल्या, नातेवाइकांत वाटल्या. मूळ वही पुढे घर बदलताना हरवली. छापील प्रतींपैकी माझ्याकडे एक उरली, तिचीही शेवटची पानं वाळवीने खाल्लेली. राहिली ती फक्त संगणकातली फाइल. आधी फ्लॉपीवर, मग सीडीवर, मग पेनड्राइव्हवर.

दोन वर्षांपूर्वी माझ्या परदेशातल्या पुतणीने ती मागितली. मी फाइल उघडली तर आत मराठीचा एक शब्द नव्हता. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, स्वल्पविराम, असा सगळा काला. आईच्या आठवणींच्या जागी मांजर कीबोर्डवरून चालून गेल्यासारखं काहीतरी.

इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत अशी एखादी फाइल असणार. कुणाचा कुलवृत्तान्त असेल, कुणाच्या वडिलांच्या कविता, कुणाचा पत्रसंग्रह. आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिकांच्या फाइलींचीही हीच गत आहे. म्हणून हे का झालं ते आधी सांगतो.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर म्हणायचं, याचा एक करार करावा लागतो. अमेरिकेत १९६० च्या दशकात असा करार झाला, त्यात १२८ जागा होत्या. इंग्रजीची मोठी-छोटी अक्षरं, अंक, विरामचिन्हं एवढ्यातच ती संपली. आपल्या ‘क’ला तिथे बसायला पाटसुद्धा नव्हता. मग आपल्याकडच्या लोकांनी एक युक्ती केली. आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, पण त्या आकड्यासमोर चित्र मात्र मराठी अक्षराचं काढायचं. फॉन्ट म्हणजे चित्रांचा संच. चित्रं बदलली की काम झालं. कागदावर सुरेख मराठी उमटे. १९९० च्या दशकातल्या आपल्या लग्नपत्रिका, स्मरणिका, वर्तमानपत्रं अशाच फॉन्टांवर निघाली आणि त्यांनी आपलं काम चोख केलं.

अडचण एवढीच की प्रत्येक फॉन्टवाल्याचा करार वेगळा. एकाच्या घरी ‘क’ ज्या खुर्चीवर, दुसऱ्याच्या घरी त्या खुर्चीवर ‘ष’चा अर्धा तुकडा. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर असेल तोवर मराठी दिसणार. तो गेला की खालचे इंग्रजी आकडे उघडे पडणार. माझ्या फाइलीत मराठी कधी नव्हतीच, मराठीचा मुखवटा होता.

आणि मुखवटा म्हटला तरी तो साधा नाही. देवनागरीला किती तुकडे लागतात, हे छापखान्यात काम केलेल्यांना विचारा. अक्षर, त्याचं अर्ध रूप, काना, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, असे शेकडो खिळे. लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी हे खिळे कमी करण्याची किती खटपट केली, हे आपण या उत्सवात आठवायला हरकत नाही. ज्यांनी हा उत्सव रस्त्यावर आणला, तेच खिळ्यांच्या पेट्यांचा हिशेबही मांडत बसले होते. सावरकरांनी ‘अि, अु’ अशी अ-ची बाराखडी सुचवली, तीही त्याच काळजीतून. आपली लिपी यंत्रात बसत नाही, मग लिपी बदलायची की यंत्र, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

बडोद्याला तर हा प्रश्न परका नाहीच. इथल्या राजवटीत मराठी, गुजराती, मोडी, फारसी, इंग्रजी एकाच कचेरीत नांदत. १९३१ साली बडोदा सरकारने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ नावाचा कोश काढला. राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांना वेगवेगळ्या भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी. तो ज्या जुळाऱ्यांनी जुळवला, त्यांच्या पुढ्यात किती लिप्यांच्या पेट्या असतील, याची कल्पना करा. आज एका पानावर चार लिप्या दिसाव्यात म्हणून आपण जे करतो, ते त्यांनी हाताने केलं.

संगणकात यंत्र बदलण्याची बाजू घेतली ती मोहन तांबे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकात ‘जिस्ट’ नावाचं तंत्र तयार झालं, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते तिथे वाढलं. त्या वेळचा संगणक म्हणजे काळा पडदा आणि त्यावर एकसारख्या चौकटींत बसलेली इंग्रजी अक्षरं. जिस्टवाल्यांनी एक कार्ड बनवलं. ते संगणकाच्या पोटात बसवलं की त्याच काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. मूळ प्रोग्रामला पत्ताही नसे. तो आपले आकडे पाठवत राही, आणि जोडाक्षर कसं बांधायचं ते कार्ड ठरवी.

त्यांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. फॉन्टच्या तुकड्यांना आकडे दिले नाहीत, वर्णांना दिले. ‘क्त’चं चित्र साठवायचं नाही; क, हलन्त, त असे तीन वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठवायचे. चित्र कसं काढायचं, ते वेगळं खातं. शिवाय ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या लिप्यांना एकच मांडणी. देवनागरी ‘क’ जिथे, गुजराती ‘क’ही तिथेच. ही ‘इस्की’ नावाची मांडणी १९९१ साली भारतीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिने भारतीय लिप्यांचा क्रम इस्कीच्या आधीच्या, १९८८ सालच्या आवृत्तीवरूनच घेतला. फरक इतकाच की युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र वाडा दिला. आपल्या देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ खण मिळाले. त्यात ‘क’चा आकडा २३२५. बडोद्यात, बोस्टनमध्ये, कुठल्याही फोनवर, कुठल्याही फॉन्टमध्ये ‘क’ म्हणजे २३२५. आज आपण फोनवर जे मराठी लिहितो, ते हेच.

आता माझ्या गोष्टीकडे येतो. पुण्याला माझा भाचा संगणकाचं काम करतो. त्याने आईची फाइल मागवली आणि जुन्या फॉन्टचे आकडे युनिकोडच्या आकड्यांत बदलणारा प्रोग्राम चालवला. आपल्या प्रतापनगरच्या लोकांना हे समजायला सोपं आहे. आपल्यासमोरच डभोईची नॅरोगेज लाइन ब्रॉडगेज झाली आणि २०२१ च्या जानेवारीत केवडियापर्यंतची गाडी प्रतापनगरहून सुटली. गाव तेच, प्रवासी तेच, रूळ बदलले. पण रूळ बदलताना जुन्या डब्यांतला माल नव्या डब्यांत चढवावा लागतो, आणि चढवताना काही सांडतंच. म्हणून भाचा म्हणाला, “मामा, नव्वद टक्के बरोबर आलंय, उरलेल्या चुका तू तपास. आजीचं अक्षरन् अक्षर तुलाच माहीत.” फाइल त्याच्या दूरच्या संगणकावर होती. त्याने मला तिथे जायची वाट दिली. ती वाट म्हणजे टर्मिनल, तीच जुनी काळी खिडकी. नोकरीत असताना मी अशाच पडद्यावर काम केलेलं, त्यामुळे मला हुरूप आला. आज्ञा टाइप केली, त्यातला मजकूर-संपादक उघडला, आणि आईचं पहिलं वाक्य समोर आलं.

पण ते तुटलेलं होतं. माथ्यावरचा ‘श्री’ बघवेना. पाय मोडलेला श, मग सुटा र, मग दूर उभी दीर्घ वेलांटी. ‘धर्म’मधला रफार डोक्यावर नाही, र पाय मोडून शेजारीच बसलेला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे गेलेली. मला वाटलं, हीच ती राहिलेली दहा टक्के चूक. मी चष्मा पुसला आणि कामाला लागलो. तीन संध्याकाळी मी हाताने वेलांट्या उचलून अक्षराच्या अलीकडे ठेवत होतो. मग कंटाळलो आणि एकच आज्ञा दिली : साऱ्या फाइलभर, जिथे व्यंजनामागे ऱ्हस्व वेलांटी असेल तिथे ती पुढे आण. क्षणात सगळ्या वेलांट्या जागेवर. पडद्यावर कसं छान दिसायला लागलं! मी भाच्याला अभिमानाने फोन केला.

त्याने ती फाइल त्याच्या फोनवर उघडली. दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, ‘शिनवार’ म्हणजे काय?”

शनिवारचा शिनवार झाला होता. कवितेची किवता झाली होती. ‘दिवस’च्या सुरुवातीला ठिपक्यांचं एक वर्तुळ आणि त्यावर अनाथ वेलांटी. फाइल आधी बरोबर होती. चुकीची होती ती खिडकी. मी खिडकी दुरुस्त करायची सोडून बाहेरचं झाड तोडत बसलो होतो.

असं का झालं? नीट ऐका, कारण सगळा विषय याच जागी आहे. आपण ‘शनिवार’ म्हणतो तेव्हा आधी न उच्चारतो आणि मग इ. युनिकोड त्याच क्रमाने साठवतो : न, मग वेलांटी. ती न-च्या अलीकडे काढायची, हे काम चित्र काढणाऱ्याचं. तुमच्या फोनमधला प्रोग्राम ते करतो. तो शेजारच्या चार-पाच आकड्यांकडे एकदम बघतो, अक्षर बांधतो आणि मग काढतो. साधं टर्मिनल तसं करत नाही. ते एका वेळी एका आकड्याकडे बघतं आणि आलेलं चिन्ह चौकटीत टाकून पुढे सरकतं.

याचं कारण त्याच्या घराण्यात आहे. टर्मिनल हा टेलिप्रिंटरचा नातू. एक ठोका, एक अक्षर, एक घर पुढे. त्याचा पडदा म्हणजे शाळेतली चौकटीची वही : ओळीत ऐंशी घरं, प्रत्येक घरात एक अक्षर. हा ऐंशीचा आकडासुद्धा १९२८ सालच्या भोकं पाडलेल्या कार्डांवरून चालत आला आहे. इंग्रजीला हे जमतं, कारण तिथे एक आकडा, एक अक्षर, एक घर. चिनी अक्षरं रुंद, त्यांना दोन घरं दिली की भागतं. आपल्या ‘श्री’चं काय करायचं? वाचणाऱ्याला ते एक अक्षर. युनिकोडमध्ये ते चार आकडे : श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. फाइलीत साठवताना प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे बारा बाइट. मग त्याला घरं किती द्यायची? एक, दोन, तीन की चार? संपादक म्हणतो तीन, टर्मिनल म्हणतो दोन, फॉन्टमधलं चित्र प्रत्यक्षात दीड घराचं. दोघांचा हिशेब जुळला नाही की कर्सर दिसतो एका अक्षरावर आणि पुसतो दुसरंच. भरीला आपली शिरोरेषा. चौकटीगणिक तिला खिंडारं पडतात. गुजरातीला डोक्यावर रेघ नाही, म्हणून तिथलं तुटणं पटकन डोळ्यांवर येत नाही. मराठीचं मात्र चव्हाट्यावर येतं.

बरं, यावर इलाज नाही का? आहे. अक्षर बांधून दाखवणारी टर्मिनल्स आहेत. एमएलटर्म हे त्यातलं भारतीय लिप्या ध्यानात घेऊन केलेलं एक. ईमॅक्ससारखा संपादक काळ्या खिडकीत न उघडता त्याच्या स्वतःच्या खिडकीत उघडला, तर तो जोडाक्षरं नीट बांधतो. पण दूरच्या संगणकावर साध्या टर्मिनलमधून काम करायची वेळ आली तर एक पथ्य पाळायचं. दिसण्यावरून दुरुस्ती करायची नाही, आकडा विचारायचा. विम नावाच्या संपादकात अक्षरावर कर्सर ठेवून इंग्रजी ‘जी’ आणि ‘ए’ दाबलं की त्या जागी कोणकोणते आकडे आहेत ते तो सांगतो. मी तीन संध्याकाळी वेलांट्या हलवल्या. एकदा आकडा विचारला असता तर पहिल्याच मिनिटाला थांबलो असतो.

मोडलेली मराठी समोर आली तर ती कशी मोडली आहे हे ओळखायच्या खुणा सांगतो. घरी जाऊन लिहून ठेवा.

पहिली खूण, रिकामे चौकोन. याचा अर्थ आकडे शाबूत आहेत, फक्त त्या संगणकावर देवनागरीचा फॉन्ट नाही. फॉन्ट घाला, मराठी परत येईल.

दुसरी खूण, डोक्यावर तिरकी मात्रा दिलेला इंग्रजी ‘ए’, आणि त्याच्या मागे कधी एक गोल चिन्ह तर कधी जपानी येनचं चिन्ह, आणि हीच जोडी पुन्हा पुन्हा. हे दिसलं तर खूश व्हा. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाचे तीन बाइट असतात. पहिला नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. तेच जुन्या पाश्चात्त्य करारानुसार वाचले की ही जोडी दिसते. म्हणजे मराठी आत सुखरूप आहे, वाचणारा चुकीचा चष्मा लावून बसला आहे. त्याला यूटीएफ-८ चा चष्मा द्या. टर्मिनलमध्ये हा चष्मा तीन नाकांवर लागतो : संगणकाच्या भाषेच्या मांडणीत, टर्मिनलच्या मांडणीत आणि संपादकाच्या मांडणीत. तिन्हीकडे यूटीएफ-८ पाहिजे. एक जरी चुकला तरी बाकीचे दोन काही करू शकत नाहीत. आणि असली फाइल त्या अवस्थेत जतन मात्र करू नका, नाहीतर चुकीचा चष्मा फाइलीत कायमचा कोरला जाईल.

तिसरी खूण, सुटी जोडाक्षरं आणि मागे गेलेल्या वेलांट्या. म्हणजे आकडे बहुधा बरोबर, खिडकी अडाणी. हात लावू नका. तीच फाइल फोनवर उघडून बघा.

चौथी खूण, इंग्रजी अक्षरांचा काला, ज्यात ती ठरावीक जोडी नाही. म्हणजे जुना मुखवट्याचा फॉन्ट. त्या फॉन्टचं नाव शोधा, रूपांतर होऊ शकतं. जुन्या छापील प्रतीवर टाइप करणाऱ्याचं नाव-गाव असतं, तिथून माग लागतो.

आणि पाचवी, नुसती प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं, आणि फॉन्ट बदलला, चष्मा बदलला, तरी ती तशीच. इथे वाईट बातमी आहे. कुणीतरी मराठी माहीत नसलेल्या करारात फाइल जतन केली, आणि प्रत्येक वर्णाच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. आत काही उरलेलं नाही. दुसरी प्रत असेल तरच वाचलात.

म्हणून सगळ्या नियमांच्या वरचा नियम : मूळ फाइलीला हात लावायचा नाही. प्रत काढायची आणि प्रतीवर काम करायचं. माझ्या भाच्याने पहिल्याच दिवशी एक प्रत बाजूला ठेवली होती, म्हणून आज मी तुमच्यासमोर हसत बोलतो आहे. ती नसती तर आईच्या आठवणी वाळवीने नव्हे, मी खाल्ल्या असत्या.

मग मी पुन्हा बसलो. या वेळी नीट दाखवणाऱ्या खिडकीत. तेव्हा खऱ्या चुका दिसल्या, आणि त्यातली एक खास मराठी होती. आईने लिहिलं होतं की लग्नात आचाऱ्यांना पाच रुपये आणि धोतर दिलं. रूपांतरात झालं होतं ‘आचार्यांना’. स्वयंपाक्याचा एकदम गुरुजी झाला! आचार्य आणि आचारी, दर्या आणि दऱ्या. हा फरक दाखवणारा अर्धा र, ती आडवी सुरी, हिंदीला लागत नाही, गुजरातीला लागत नाही. आपल्याला ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’, ‘पायऱ्या’ असं पावलोपावली लागतो. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ‘ऱ’ हा वेगळा वर्ण घेऊन, ज्याचा आकडा २३५३. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे ८२०५ हा न दिसणारा जोडणारा आकडा टाकून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. आपल्या मंडळाच्या सभासदांच्या यादीत ‘कऱ्हाडकर’ शोधा. दोघांनी दोन पद्धतींनी टाइप केलं असेल तर निम्मेच कऱ्हाडकर सापडतील, आणि उरलेल्यांना वाटेल की आपल्याला मुद्दाम वगळलं. मंडळात यावरून भांडण व्हायच्या आधी कार्यकर्त्यांनी एक पद्धत ठरवून घ्यावी, ही विनंती.

शेवटची गोष्ट सांगतो, आणि ती आपल्या सगळ्यांच्या घरातली आहे. माझ्या नातीला देवनागरी येते, पण ती शाळेतल्या हिंदीमुळे. भरभर वाचते ती गुजराती. पणजीच्या आठवणी तिला दिल्या तर पहिल्या पानावर अडखळली. मला इस्कीवाल्यांची मांडणी आठवली. देवनागरी ‘क’ २३२५, गुजराती ‘क’ २७०९. फरक ३८४. ख घ्या, म घ्या, ळ घ्या, काना-मात्रा घ्या, फरक तोच ३८४. दोन्ही वाडे एकाच आराखड्यावर बांधलेले आहेत. भाच्याने प्रत्येक वर्णात ३८४ मिळवले आणि आईची साताऱ्याची मराठी क्षणात गुजराती अक्षरांत उभी राहिली. नातीने ती मोठ्याने वाचली. शब्द मराठी, अक्षर गुजराती, आणि आवाजाची ढब, काय सांगू, थोडीशी आईचीच.

मात्र काही ठिकाणी वाचताना ती थांबली. तिथे रिकामे चौकोन होते. २३५३ मध्ये ३८४ मिळवले की जो खण येतो, तो गुजरातीत रिकामा आहे. तिथे कुणी राहत नाही. आपला ‘ऱ’ त्या वाड्यात नाही. तिने विचारलं, “आजोबा, अहीं शुं छे?” मी म्हटलं, इथे जे आहे ते गुजरातीत लिहिता येत नाही, ते तुला मराठीतच वाचावं लागेल. त्या दिवसापासून ती रोज देवनागरीतलं एक पान वाचते. ‘दुसऱ्या’ म्हणताना अजून अडखळते. पण म्हणते.

व्यासांनी महाभारत सांगताना गणपतीला अट घातली होती, अर्थ समजल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही. ही कथा मी लहानपणापासून दर उत्सवात ऐकत आलो. या वयात, काळ्या खिडकीसमोर बसून, ती अट मी मोडली आणि मगच मला ती कळली. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे आई उगाच म्हणत नव्हती.

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर एक काम करा. कपाटातली ती सीडी, तो पेनड्राइव्ह बाहेर काढा. ती उघडणारं यंत्र अजून मिळतंय तोवर तिची प्रत करा. वाचता आली नाही तरी पुसू नका. आणि वाचायला कुणी तरुण मदतीला लागला, तर आपल्या मंडळातच चार जण सापडतील. मीही आहे. आता वेलांट्या हलवत नाही.

 गणपती बाप्पा मोरया!